गझिबो उडू नये म्हणून

आमच्या गझिबोला उडता येतं, हे तो घरी आणताना आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

गझिबो म्हणजे चार पोकळ लोखंडी खांब, वर उतरतं कापडी छप्पर आणि बाजूंना काही नाही. माझे वडील त्याला तंबू म्हणतात. मुलगी काहीच म्हणत नाही, फक्त फोटो काढते. मी मात्र पहिल्या दिवसापासून गझिबोच म्हणत आलो आहे. घरात एक तरी वस्तू अशी असावी जिचं नाव घेताना माणूस खुर्चीत जरा सावरून बसतो. ज्या जागेला मी बाग म्हणतो ती म्हणजे घरामागची मोकळी जागा, तिथलं एक झाड, काही कुंड्या आणि कपडे वाळत घालायची तार. गझिबो आल्यावर तारेला मी बागेतून बाहेर काढलं, म्हणजे ती जिथे होती तिथेच राहिली, पण मी तिच्याकडे बघणं सोडलं.

हा गझिबो बायकोने आणला. ती एका मोठ्या हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीमागे बसते. एक्स-रे कुठे, डॉक्टर कधी येतात, लिफ्ट का बंद आहे, आमच्या पेशंटला कुठे हलवलं, असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक तिला विचारत असतात, आणि ती सगळ्यांना एकाच सुरात उत्तर देते. घरी आली की वडील विचारतात, रेडिओचे सेल कुठे आहेत? मुलगी विचारते, माझा निळा टॉप धुतलास का? मी विचारतो, माझा चष्मा पाहिलास का? माझी बाजू मांडायची तर मी आधी दोन खोल्या शोधतो आणि मगच विचारतो. पण याची नोंद कोणी घेत नाही.

तिच्या एका मैत्रिणीने घर बदललं, तिथे बाग नव्हती, म्हणून गझिबो आमच्याकडे आला. "मला एक जागा पाहिजे," बायको म्हणाली, "जिथे मला कोणी काही विचारणार नाही."

"म्हणजे नक्की कुठे?" मी विचारलं.

ती गझिबोचे खांब जोडायला गेली.

रविवारी तिने त्यात खुर्ची टाकली, एक जाडजूड कादंबरी घेतली आणि ती बसली. ते दृश्य खरोखर चांगलं होतं. इतकं चांगलं, की कसं वाटतंय हे विचारायला मी दोनदा जाऊन आलो. वडील सेलचं विचारून आले. तिने कादंबरी मिटली नाही, फक्त मधे बोट घालून ठेवलं.

त्याच आठवड्यात वारा सुटला. फार नाही, दारं आपटावीत इतपत. संध्याकाळी येऊन पाहतो तर बागेत गझिबो नाही. मी पोलिसात जायच्या तयारीत होतो, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, तिकडे बघा." शेजारच्या प्राध्यापकांचं आणि आमचं कुंपण गुडघ्याएवढं आहे. गझिबो ते ओलांडून पलीकडे गेला होता आणि चारही पायांवर नीट उभा होता. त्याखाली आरामखुर्चीत निवृत्त प्राध्यापक गाढ झोपले होते. त्यांना उठवलं तर ते म्हणाले, "मला वाटलं, तुम्हीच पाठवलात. ऊन फार होतं ना!" आम्ही चौघांनी खांब धरून गझिबो परत आणला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"खाली चार खिळे ठोका, म्हणजे झालं," बायको म्हणाली.

हे वाक्य तिने सहज म्हटलं असेल, पण मी ते जबाबदारी म्हणून स्वीकारलं. आमच्या ऑफिसात कुठलीही गोष्ट जागची हलू न देण्याचं काम मी कित्येक वर्षं करत आलो आहे आणि माझ्याबद्दल आजवर एकही तक्रार नाही. एक गझिबो म्हणजे काय मोठं!

गझिबोबरोबर आलेल्या खुंट्या मी स्वतःच्या हाताने ठोकल्या. पण कुंड्यांना पाणी घालून घालून आमची जमीन इतकी मऊ झाली होती, की खुंटी आत जायची ती मोठ्या उत्साहाने आणि बाहेर यायची तीही तशीच. मी ठोकत असताना दुसऱ्या बाजूच्या घरातले कप्तान कुंपणाशी येऊन उभे राहिले. कप्तान म्हणजे जहाजावरच्या कोठारात काम केलेले गृहस्थ. पण त्यांना कप्तान म्हटलं की ते दुरुस्ती करत नाहीत.

"भाऊ, हे असं नाही चालायचं," ते म्हणाले. "हे शीड आहे. शिडाला दोर लागतो."

"हा गझिबो आहे."

"वाऱ्याला काय माहीत?" कप्तान म्हणाले आणि दोर आणायला गेले.

मी त्यांना अडवू शकलो असतो. पण हातात हातोडा आणि समोर वाकडी खुंटी असताना माणसाचा आवाज चढत नाही. कप्तानांनी गझिबोच्या चार कोपऱ्यांना चार दोर बांधले. एक झाडाला, एक नळाच्या पाइपला, एक स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला आणि चौथ्याला काही मिळेना म्हणून प्राध्यापकांच्या फाटकाला. गाठी मारताना ते प्रत्येक गाठीचं नाव सांगत होते आणि आम्ही माना डोलवत होतो. शेवटी त्यांनी बजावलं, "या गाठी कोणी सोडायच्या नाहीत. सोडायच्याच असतील तर मला हाक मारा."

गझिबो हलेना, हे खरं. पण स्वयंपाकघराची खिडकी मिटेना. वडिलांनी झाडाकडच्या दोरावर आपले बनियन वाळत घातले आणि मी ज्या तारेकडे बघणं सोडलं होतं तिच्यापेक्षा जास्त कपडे आता बागेत दिसू लागले. शिवाय प्राध्यापकांनी फाटक उघडलं की आमचा गझिबो पुढे झुकायचा. ते सकाळी फिरायला निघाले की तो त्यांना नमस्कार करायचा आणि परत आले की पुन्हा. प्राध्यापक सभ्य गृहस्थ, तेही हात जोडू लागले. पेपरवाला पाइपकडच्या दोरात पाय अडकून पडला, तेव्हा मात्र दोर काढायचं ठरलं. कप्तानांना हाक मारली. त्यांना स्वतःच्या गाठी सोडवता येईनात. त्यांनी नातीकडून कात्री मागवली आणि दोन दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत.

मग गवंडी आला. त्याने खांबांभोवती एक चक्कर मारली, एका खांबाला लाथ घातली आणि म्हणाला, "खड्डे घ्या, सिमेंट भरा. तुमच्या नातवंडांनाही हलायचा नाही." मला हा विचार आवडला. नातवंडांचा नव्हे, न हलण्याचा. खड्डे खणून झाले, सिमेंटचं पोतं येऊन पडलं, आणि कुंपणावरून एक टोपी डोकावली. टोपीखाली नगरपालिकेचे बांधकाम निरीक्षक होते.

"काय बांधताय?"

"बांधत नाही. बांधून ठेवतोय. उडतो म्हणून."

"जमिनीत सिमेंट भरलं की बांधकाम झालं. परवानगी आहे?"

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून नगरपालिकेत गेलो. बांधकाम विभागाच्या टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, गझिबो जमिनीला पक्का केला तर तो बांधकाम, आणि घरामागे बांधकामाला बंदी आहे. म्हणजे पक्का करायचा नाही. मी आभार मानून वळलो तर शेजारचंच टेबल सुरक्षा विभागाचं होतं. त्यामागच्या बाई म्हणाल्या, "ऐकलं मी. उघड्यावरची वस्तू जमिनीला पक्की नसेल तर तो धोका. तसा आढळला तर आम्ही उचलून नेतो. पक्का करा."

"पण हे साहेब म्हणतात, करू नका."

"तो त्यांचा विभाग झाला."

"तुमची टेबलं एकमेकांना लागून आहेत हो!"

"टेबलं आहेत," साहेब म्हणाले. दोघांनी एकाच किटलीतून चहा ओतून घेतला. तिसरा कप मला दिला, हे सांगायला हवं. माझ्या हयातीत सरकारी कचेरीत मला चहा मिळाल्याचा हा एकमेव प्रसंग, पण मी तो अपमानित मनाने प्यालो. ऑफिसात मीही लोकांना शेजारच्या टेबलाकडे पाठवतो. टेबलाच्या या बाजूला उभं राहिल्यावर ते काम किती वेगळं दिसतं, याचा मी वाटेत बराच विचार केला आणि घर आल्यावर सोडून दिला.

तोडगा प्राध्यापकांनी काढला. ते पदार्थविज्ञान शिकवत असत. त्यांनी खिशातला रुमाल चार कोपऱ्यांनी धरायला आम्हाला लावलं आणि खालून फुंकर मारली. "बघा. वारा गझिबोला ढकलत नाही, उचलतो. सगळा जोर या छपरावर. तेव्हा खाली वजन पाहिजे. नुसतं वजन. जमिनीवर ठेवलेलं, जमिनीत पुरलेलं नाही."

निरीक्षकांना विचारलं. ते म्हणाले, "वजन ठेवा की! घरात कपाट ठेवता, तसं. कपाटाला कोण परवानगी मागतो?"

जमिनीला न धरता जमिनीवर राहायचं, ही कल्पना मला एकदम पटली. मी नोकरीत तेच केलं आहे. फक्त वजन आणायचं कुठून हा प्रश्न होता, पण ही बातमी गल्लीत गेली आणि प्रश्न सुटला. लोकांच्या घरात जड वस्तू किती असतात आणि त्या बाहेर काढायला ते किती उत्सुक असतात, याची मला कल्पना नव्हती. कोपऱ्यावरचा पैलवान, जो अंगाने काडी आहे पण व्यायामाचं साहित्य बाळगून आहे, त्याने लोखंडी चकत्या आणल्या. प्राध्यापकांनी प्रयोगशाळेतून कधीतरी घरी आलेलं एक बिडाचं यंत्र आणलं, ज्याचा उपयोग त्यांनाही आठवत नव्हता. वडिलांनी आपली पत्र्याची ट्रंक दिली. ती उचलताना आत काय आहे असं मी विचारलं तर "वजन" एवढंच म्हणाले. आणि कप्तान, रुसवा सोडून, दोघांच्या मदतीने एक गंजलेला नांगर घेऊन आले. जहाजाचा, खराखुरा.

"आता हलू दे," ते म्हणाले.

गझिबो हलला नाही. त्या संध्याकाळी बायको कामावरून आली, तिने चहाचा कप आणि कादंबरी घेतली आणि ती बागेत गेली. ट्रंक आणि नांगर यांच्यामधून तिने खुर्चीला जागा केली. तिने पान उघडलं आणि कुंपणावरून कप्तान म्हणाले, "वहिनी, नांगर खाली रुतत तर नाही ना?" त्यांना उत्तर देऊन होतंय तोवर पैलवान आला, "काकू, माझ्या चकत्या भिजतात का हो रात्री?" मग प्राध्यापक आले, "यंत्राची मूठ कोणी फिरवली का?" मग वडील. ट्रंकेचं कुलूप. आपली वस्तू दुसऱ्याच्या अंगणात असली की माणसाला तिच्याबद्दल किती माया वाटते! पूर्वी हे यंत्र माळ्यावर गंजत होतं तेव्हा कोणी त्याची मूठ तपासली नव्हती.

बायकोने सगळ्यांना उत्तरं दिली, हॉस्पिटलातल्या त्याच सुरात. मग ती कप घेऊन आत आली. पुढचे काही दिवस ती बागेत गेलीच नाही. माझ्या लक्षात आलं होतं, पण मला वाटलं, हवा बरी नसेल.

हवा खरोखरच बरी नव्हती. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी वडील रेडिओ कानाला लावून बाहेर आले. "अरे, वादळ येतंय म्हणतात. वस्तू बांधून ठेवा म्हणतात." आकाश पश्चिमेकडून काळं होत होतं आणि झाडाची पानं उलटी होऊन पांढरी दिसत होती. प्राध्यापक धावत आले. त्यांनी आकडेमोड केली होती. "वजन कमी पडतंय!"

"किती?"

"बरंच. माणसं बसली तर पुरेल."

हे वाक्य त्यांनी शास्त्र म्हणून उच्चारलं, पण कप्तानांनी त्याचा हुकूम केला. त्यांनी गल्लीत हाका मारल्या. पैलवान आला. मुलगी फोनवर बोलत आली आणि बोलतच एका खांबापाशी बसली. वडील आपल्या ट्रंकेवर बसले, मांडीवर रेडिओ. एका खांबाला मी, एकाला पैलवान, एकाला प्राध्यापक आणि मधोमध नांगरावर कप्तान. एवढ्यात सुट्टीच्या दिवशीही कामावर असलेले निरीक्षक, गल्लीतल्या सुट्या वस्तू तपासत, कुंपणाशी आले.

"हे काय?"

"वजन," मी म्हणालो. "परवानगी लागते का?"

त्यांनी विचार केला. "माणसं बांधकामात धरत नाहीत," ते म्हणाले, आणि तेवढ्यात पहिला जोराचा झोत आला. त्यांची टोपी गेली. तेही आत आले आणि ट्रंकेवर वडिलांशेजारी बसले.

मग जे सुरू झालं ते वर्णन करण्याच्या मी भानगडीत पडत नाही. पाऊस आडवा येत होता. खांब हातात थरथरत होता. कप्तान "धरा! धरा!" ओरडत होते. आमच्या धरण्यात काही खोट नव्हती, कारण खांबांपैकी एकही तसूभर हलला नाही. आम्ही खाली बघत होतो. सगळ्यांनी इतके दिवस खालीच पाहिलं होतं. खुंट्या खाली, सिमेंट खाली, वजन खाली. ज्या छपरावर सगळा जोर येतो असं प्राध्यापकांनी रुमाल धरून दाखवलं होतं, ते छप्पर खांबांना कापडी पट्ट्यांनी चिकटवलेलं होतं, लहान मुलांच्या बुटांना असतात तशा पट्ट्यांनी. त्यांच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं. चर्र असा आवाज झाला आणि डोक्यावर एकदम उजेड पडला. छप्पर आमच्यावरून, कुंपणावरून, प्राध्यापकांच्या घरावरून गेलं आणि दिसेनासं झालं.

सगळ्यांच्या डोक्यावर पाऊस कोसळू लागला.

"आता उचलणारा जोरच राहिला नाही," प्राध्यापक चष्म्यावरचं पाणी निपटत म्हणाले. "शास्त्रानुसार आता हे उडूच शकत नाही."

"हुकूम होईपर्यंत कोणी जागा सोडायची नाही!" कप्तान म्हणाले.

आणि कोणी सोडली नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा उठायचं कोणालाच नको होतं. चार उघडे खांब घट्ट धरून आम्ही सगळे भर पावसात बसून राहिलो. थोड्या वेळाने वडिलांनी निरीक्षकांना रेडिओवरचं काहीतरी समजावून सांगायला सुरुवात केली. पैलवान प्राध्यापकांना व्यायामाबद्दल विचारू लागला. मुलीने फोन टॉपच्या आत घातला आणि ती कप्तानांना गाठीचं नाव विचारू लागली. आमच्या घरात एरवी असतो तोच गोंगाट, फक्त ओला.

"वहिनींना हाक मारा," कप्तान म्हणाले. "म्हणावं, चहाचं बघा. आणि नांगरावर टाकायला काही जुनं असेल तर विचारा."

तेव्हा मी घराकडे पाहिलं. बाहेरच्या खोलीचा दिवा लागलेला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं, तरी तिच्यातून थेट त्या खोलीपर्यंत दिसत होतं. बायको माझ्या खुर्चीत बसली होती, पाय समोरच्या स्टुलावर. कादंबरी संपत आली होती, म्हणजे उजवीकडची पानं थोडीच उरली होती. तिच्या आजूबाजूला कोणी नव्हतं. घरात कोणीच नव्हतं, कारण आम्ही सगळे इथे होतो. ती काहीतरी वाचून हसली. एकटीच. मला ते हसणं ओळखीचं वाटलं, पण शेवटचं कधी पाहिलं होतं ते आठवेना, आणि खांब धरून बसल्या बसल्या मला एकदम फार वाईट वाटलं.

"हाक मारली का?" कप्तान म्हणाले.

"मारली," मी म्हणालो. "वाऱ्यामुळे ऐकू गेली नाही."

वारा थांबला तेव्हा ज्याने त्याने आपली वस्तू तपासली आणि सगळे आपापल्या घरी गेले. निरीक्षक जाताना म्हणाले, छप्पर नसल्यामुळे आता याला काय म्हणायचं ते वरच्यांना विचारावं लागेल. वडील आणि मुलगी मागच्या दाराने कपडे बदलायला गेले. मी पुढच्या दाराने आत गेलो. पायपुसण्यावर उभा राहिलो. माझ्या पायांखाली तळं साचत होतं.

बायकोने पुस्तकातून डोकं वर केलं. "थांबला?"

"हो."

"इतक्यात?"

मी शर्टाची बाही पिळली. मग म्हणालो, "छप्पर गेलं."

"दिसलं मला." तिने पान उलटलं. "नवीन घेऊ या आपण. तुमचा तो गझिबो चांगला आहे. सगळे मावतात त्यात." आणि मग, अगदी सहज, "रेडिओवर सांगितलं का, पुन्हा वारा कधी आहे?"

"उद्याही आहे म्हणतात," मी म्हणालो. असं कोणी म्हटलं नव्हतं.

ती "बरं" म्हणाली आणि वाचू लागली. तिची शेवटची काही पानं उरली होती. मला थंडी वाजत होती, दातावर दात आपटत होते, आणि आमच्या घरात टॉवेल कुठे ठेवतात हे मला माहीत नव्हतं. विचारायला मी तोंड उघडलं. मग मिटलं. पाय न वाजवता आतल्या खोलीत गेलो, दोन कपाटं उघडून पाहिली, आवाज न करता बंद केली, आणि शेवटी जेवणाच्या टेबलावरचं कापड काढून त्याने डोकं पुसलं.